आज रोख, उद्या उधार

मेक्सिकोतील लहान गावांच्या किराणा दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास आढळते. 'आज उधार नाही, उद्या अवश्य,' असा तिचा अर्थ. महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला ही पाटी दुभाष्याविना कळेल. त्या पाटीखालच्या खणात एक मळकी वही असते आणि तिच्यात गल्लीतील निम्म्या घरांचा हिशेब असतो, हेही त्याला कोणी सांगावे लागणार नाही. पाटी वाटसरूंसाठी असते, वही शेजाऱ्यांसाठी. परदेशातून येऊन अशा गावात घर करणाऱ्या माणसाला आपण यांपैकी कोण, हा प्रश्न फार दिवस सुटत नाही.

हालिस्को राज्यातील अहिहिक हे असेच एक गाव. ग्वादलाहारा या महानगराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर चपाला नावाचे मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे. त्याच्या उत्तर काठावर, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसले आहे. रस्ते गोट्यांनी बांधलेले, घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, डाळिंबी रंगांच्या. भिंतीआड अंगण आणि अंगणात बोगनवेल. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्याने हवा वर्षभर सौम्य असते. जून ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि तोही बहुधा रात्री. सकाळी डोंगर धुतल्यासारखा हिरवा दिसतो. मे महिना तेवढा तापतो. ग्वादलाहाऱ्याचा विमानतळही याच दिशेला असल्याने मुलाबाळांना भेटायला येणे-जाणे सोपे पडते. म्हणूनच अमेरिका आणि कॅनडातील हजारो निवृत्त मंडळी या सरोवराकाठी येऊन राहिली आहेत.

परदेशीयांना या काठाची ओढ जुनी आहे. इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स १९२३ साली शेजारच्या चपाला गावात राहिला आणि त्याने तेथे एका कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला. तो काही आठवडे राहून निघून गेला. नील जेम्स या अमेरिकन प्रवासलेखिकेचे तसे झाले नाही. १९४०च्या दशकात दुखापतीतून बरे होण्यासाठी ती अहिहिकला आली आणि १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. गावातील स्त्रियांना विणकाम-भरतकामातून चार पैसे मिळावेत म्हणून तिने खटपट केली, मुलांसाठी वाचनालय काढले, त्यांच्या हाती रंग आणि कागद दिले. त्या मुलांतील काही पुढे चित्रकार झाली. आपली बाग आणि घर तिने लेक चपाला सोसायटी या १९५५ साली स्थापन झालेल्या परदेशी रहिवाशांच्या संस्थेला दिले. आज त्या बागेत इंग्रजी पुस्तकांचे ग्रंथालय आहे, स्पॅनिशचे वर्ग चालतात आणि गावातील मुले चित्रे काढायला येतात.

या मंडळींच्या कागदपत्रांची वाट फारशी अवघड नसते. आपल्या देशातील मेक्सिकन वकिलातीत ठरावीक उत्पन्न किंवा शिल्लक दाखवायची, प्रथम एक वर्षाचा आणि मग नूतनीकरण करीत एकूण चार वर्षांपर्यंतचा तात्पुरता रहिवास घ्यायचा, पुढे कायमचा. जमिनीच्या बाबतीत मात्र देशाने स्वतःला जपले आहे. १९१७च्या राज्यघटनेच्या २७व्या कलमानुसार सीमेपासून १०० आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. तेथे बँकेच्या विश्वस्त करारातून घर घ्यावे लागते. अहिहिक त्या पट्ट्याबाहेर असल्याने खरेदीखत थेट नावावर होते. ते करून देणारा 'नोतारिओ' हा सही-शिक्क्यापुरता माणूस नसतो. तो अनुभवी कायदेपंडित असतो, आणि त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय घराचा व्यवहार पुरा होत नाही. अमेरिकेतील नोटरीची सवय असलेला माणूस येथे पहिली ठेच खातो.

दुसरी ठेच किमतीच्या चिन्हाची. डॉलरचे जे चिन्ह जगाला ठाऊक आहे तेच पेसोचेही आहे. किंबहुना ते आधी पेसोचे होते. अहिहिकमध्ये घराच्या जाहिरातीवरील आकडा डॉलरांत आणि भाजीच्या पाटीवरील पेसोंत असू शकतो, आणि दोन्हींपुढे तेच चिन्ह. नवखा माणूस टोमॅटोचा भाव वाचून क्षणभर चपापतो.

गावातील दिवस कानांनी ओळखायचा. झुंजुमुंजू होताच चर्चची घंटा आणि सणाचा दिवस असेल तर आकाशात फुटणारे दारूचे बाण. मग गॅसच्या गाडीची धून, वीस लिटरच्या पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याची हाक, कचरागाडीची घंटा. मधूनच बासरीसारखी खालून वर चढणारी शीळ ऐकू येते. तो चाकू-कात्र्यांना धार लावणारा. भंगारवाल्याच्या गाडीवर एका लहान मुलीच्या आवाजातील ध्वनिमुद्रण सारखे वाजत असते : गाद्या, शीतपेट्या, चुली, धुण्याची यंत्रे, जे जुने असेल ते विकत घेऊ. हीच लकेर मेक्सिकोभर ऐकू येते. शांततेच्या शोधात आलेले काही परदेशी पहिले वर्ष या आवाजांबद्दल तक्रारी करण्यात घालवतात. जे टिकतात ते दुसऱ्या वर्षी धारवाल्याची शीळ ऐकून चाकू घेऊन दारात उभे असतात.

दुकानाची रीत याहून सूक्ष्म. उंबरठा ओलांडताच प्रथम 'बुएनोस दीआस' म्हणजे शुभ दिवस म्हणायचे. दुकानदाराला आणि आत उभ्या असलेल्या सर्वांनाच. ते न म्हणता थेट 'हे केवढ्याला?' असे विचारणे म्हणजे उद्धटपणा. कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. उत्तर मात्र तुटक मिळते. खाणावळीत जेवणाऱ्या अनोळखी माणसाजवळून जातानाही 'प्रोवेचो' म्हणजे 'सुखाने जेवा' असे म्हणून पुढे जायचे असते. वेळ वाचवणे हाच शिष्टाचार मानणाऱ्या समाजातून आलेल्यांना हे चार शब्द जड जातात, आणि त्यामुळे आपण काय गमावले हे त्यांना बहुधा कळतही नाही.

बुधवारी रस्त्यावर आठवडी बाजार भरतो. त्याला 'तियांगिस' म्हणतात. हा शब्द स्पॅनिशांच्या आधीच्या नाहुआत्ल भाषेतून आला आहे. विकणारी बाई गिऱ्हाइकाला 'मार्चान्ते' म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला तेच म्हणते. व्यापारी आणि ग्राहक दोघांनाही एकच संबोधन, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. वजन झाल्यावर वरून घातलेली दोन लिंबे किंवा मूठभर कोथिंबीर म्हणजे 'पिलोन'. ते मागून मिळते, पण न मागता मिळाले तर त्याची किंमत निराळी.

भारतीय माणसाला हा बाजार परका वाटत नाही, याचे कारण इतिहासात आहे. पेरू, पपई, सीताफळ, चिकू, मका, टोमॅटो आणि मिरची ही सारी अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. चिकू हे नावही नाहुआत्लमधून स्पॅनिशमध्ये गेलेल्या शब्दावरून आलेले. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचे मूळ घर मेक्सिको. तेथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणार्थ मांडलेल्या चौरंगांवर त्याच्या राशी असतात. राजगिऱ्याच्या वड्या गुळासारख्या पाकात थापून विकतात आणि त्यांना 'आलेग्रिआ' म्हणजे आनंद असे नाव आहे. उलट दिशेने चिंच आणि आंबा तिकडे गेले. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. 'मनिला' नावाचा आंबा आजही मेक्सिकोतील हातगाड्यांवर असतो.

शाकाहारी माणसाचा निभाव मात्र विचारपूस केल्याशिवाय लागत नाही. मक्याची तोर्तिया निर्धोक : मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुऊन दळायचा, थापायचा, बस्स. तोर्तियाच्या गिरणीतून ती किलोवर मिळते आणि घरचा रुमाल घेऊन जायचे असते. पण घेवड्याच्या उसळीत बहुधा डुकराची चरबी असते, तामालच्या पिठातही असते, आणि साधा दिसणारा तांबूस भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. चरबी आणि रस्सा यांची नावे घेऊन विचारावे लागते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याला तर स्वतःची चूल हाच खरा मार्ग. निवडुंगाची कोवळी पाने, भोपळ्याची फुले, दुधी जातीच्या भाज्या आणि ताजे चीज यांवर ती चूल उत्तम चालते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी सारे गावच मांस टाळते. त्या आठवड्यांत खाणावळीतही भाज्यांचे चार पदार्थ सहज मिळतात.

पैशाची बाजू नाजूक आहे. बहुतेक परदेशी घरांत झाडलोट आणि बाग यांसाठी गावातील माणसे येतात. मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणे नोकराला २० डिसेंबरपूर्वी किमान पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम, 'आगिनाल्दो', द्यावी लागते. आपल्याकडील दिवाळीच्या बोनसासारखीच ही गोष्ट, पण ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ज्या घरी ती न मागता वेळेवर मिळते त्या घराची कीर्ती चार गल्ल्यांत होते, आणि जेथे मिळत नाही त्याचीही होते. काही परदेशी तिला बक्षीस समजतात आणि कमी-जास्त करतात. मागणे संकोचाचे असल्यामुळे बाई बोलत नाही. जानेवारीत येणे थांबवते. घरधनी मग म्हणतो की येथील माणसे भरवशाची नाहीत.

याहून मोठा प्रश्न घरभाड्याचा आहे. डॉलरात निवृत्तिवेतन घेणारा माणूस जे भाडे स्वस्त म्हणून आनंदाने देतो, ते पेसोंत मजुरी मिळवणाऱ्या तरुण जोडप्याच्या आवाक्याबाहेरचे असते. आजोबांनी बांधलेले चौकाजवळचे घर चांगल्या किमतीला विकले जाते, वारसांत पैसे वाटले जातात, आणि नातवंडे दूरच्या वस्तीत राहून त्याच घराच्या बागेत कामाला येतात. कोणी कोणाला फसवलेले नसते. विकणारा राजी, घेणारा राजी, खत रीतसर. परदेशीयांमुळे गावात दवाखाने आले, खाणावळी आल्या, रोजगार आला, हेही खरे आहे. पण कारागिराच्या मुलाला आपल्या गावात दोन खोल्या मिळत नसतील तर हा सौदा दोन्ही बाजूंना लाभाचा झाला असे म्हणवत नाही. २०२०च्या अखेरीस सरकारने अहिहिकला 'पुएब्लो माखिको' म्हणजे 'जादुई गाव' असा पर्यटनाचा दर्जा दिला. अशा दर्जाने घरांचे भाव कधी उतरत नाहीत.

हिशेब सरोवराचाही आहे. लेर्मा नदी वाटेत शेतांना आणि कारखान्यांना पाणी देत येते, आणि ग्वादलाहाऱ्याची तहान बऱ्याच अंशी चपालाच भागवते. १९५५च्या सुमारास पाणी इतके ओसरले होते की काठ दूर गेला. कोरड्या वर्षी धक्क्यावर सकाळी फिरणारे म्हातारे, मेक्सिकन असोत की कॅनडियन, पाण्याची रेघ कुठे आली ते आधी पाहतात.

गावातील बायका आपल्या गरजा 'तांदा'वर भागवतात. ठरावीक रक्कम दर आठवड्याला प्रत्येकीने द्यायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. आपली भिशीच ती, फक्त नाव वेगळे. कागद नाही, सही नाही, जामीन नाही. पहिल्या पाळीला पैसे उचलून पुढे हप्ते बुडवणारी बाई त्या गल्लीत पुन्हा मान वर करू शकत नाही. परदेशी बाईला तांद्यात ये म्हणणे सहसा घडत नाही. तिला पैशाची अडचण नसते, मग तिच्याशी हा व्यवहार तरी कशासाठी?

दुकानातील वहीचे मात्र घडते, आणि तेही बहुधा सुट्ट्या पैशांमुळे. सकाळची वेळ, हातात पाचशे पेसोंची करकरीत नोट, घेतलेली जिन्नस अडतीस पेसोंची. 'सुटे नाहीत,' दुकानदारीण म्हणते. गावात हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येते. मग ती पाव आणि दूध पिशवीत घालून पुढे सरकवते : नंतर द्या. परदेशी माणूस गोंधळतो. देणे डोक्यावर ठेवून दुकानाबाहेर पडायचे नाही, हे त्याच्या मनात लहानपणापासून मुरलेले असते. तो नोट तारण म्हणून ठेवा म्हणतो, किंवा जिन्नस तिथेच ठेवून बँकेकडे चालू लागतो. बाई काही बोलत नाही. पिशवी परत मागे घेते. एकदा असे होते, दोनदा होते. तिसऱ्यांदा, वर्ष-दीड वर्षानंतर केव्हातरी, तो 'ग्रासियास' म्हणून पिशवी उचलतो आणि घरी जातो.

संध्याकाळी तो कुत्र्याला फिरवीत अडतीस पेसो घेऊन येतो. दुकानात दोन मुले गोळ्यांसाठी उभी असतात. तो आधी सर्वांना शुभ संध्याकाळ म्हणतो. बाई नाणी न मोजता खणात टाकते आणि वही काढते. त्याचे नाव उच्चारायला कठीण, म्हणून तिने ते लिहिलेले नसते. दोन शेजारणींच्या नावांमध्ये 'कुत्र्यावाले साहेब' असे लिहून पुढे ३८ मांडलेले असतात. ती त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारते आणि मुलांकडे वळते.