इगतपुरीपर्यंतचा घास

स्टँड पाडल्याचं मला कुणी कळवलं नाही, आणि कळवायचं काही कारणही नव्हतं. भाचीला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसवून द्यायला पहाटे नाशिकरोडला गेलो आणि सवयीने त्या कोपऱ्याकडे वळलो. समोर पत्र्यांचं कुंपण, आत जेसीबी. सिंहस्थ जवळ आला की नाशकात काहीतरी पडतं आणि काहीतरी उभं राहतं. बारा वर्षांनी हे शहर कात टाकतं, त्यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही. आणि स्टँडही काही देखणा नव्हता. लोखंडी खांब, वर सिमेंटचे पत्रे, खाली ऑइल सांडून काळी पडलेली जमीन. पण तिसऱ्या रांगेत, खांबाला खेटून, २००३ साली एक निळी बजाज स्कूटर साडेचार महिने उभी होती. मला ती जागा एकदा बघायची होती. पत्र्याच्या फटीतून पाहिलं तर तिथे खड्डा होता, आणि खड्ड्यात पाणी.

स्कूटर गोदीची. गोदी हे त्याचं नाव नव्हे. आमच्या डब्यात माणसांना नावं नव्हती, ऑफिसं होती. तो मुंबईच्या गोदीत हिशेबनीस, म्हणून गोदी. गोदाकाठचा माणूस गोदीत, असा विनोद पहिल्या दिवशी कुणीतरी केला आणि तो वीस वर्षं टिकला. मी कोर्ट. शिवाय मंत्रालय, बँक, कल्याणला उतरणारे मास्तर म्हणजे शाळा, आणि जीपीओताई. त्यांना मात्र ताई लावायचा, कारण त्यांच्या डब्यातल्या थालीपिठाचा मान होता.

पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ला सुरू झाली. मनमाडहून पहाटे निघायची, नाशिकरोडला सातच्या सुमारास यायची, आणि संध्याकाळी सव्वासहाला व्हीटीहून परत फिरायची. घर नाशकात आणि पगार मुंबईत, अशा माणसांचा संसार या गाडीने सांभाळला. पुढे तिचा सी-३ डबा 'आदर्श कोच' म्हणून गाजला. बिपीन गांधी आणि त्यांच्या रेल परिषदेने तिथे शिस्त लावली. पत्ते नाहीत, गोंगाट नाही, कचरा नाही. लिम्का बुकात त्याची नोंद झाली. आमचा डबा आदर्श नव्हता. आमच्याकडे ब्रीफकेसवर टॉवेल अंथरून मेंढीकोट चालायचा, आणि उतारी चुकली की उद्धार थेट आजोबांपर्यंत जायचा.

या मैत्रीची एक गंमत होती. वीस वर्षं रोज सहा-सात तास एकत्र काढले, पण कुणी कुणाचं घर पाहिलेलं नव्हतं. रात्री दहाच्या आसपास नाशिकरोडला उतरलो की जो तो आपल्या वाहनाकडे धावे. शालिमारची बस चुकली तर पुढची कधी येईल ते एसटीलाच ठाऊक. रविवारी आम्ही एकमेकांसाठी अस्तित्वातच नसू. पण कुणाचा मुलगा दहावीला नापास झाला, कुणाच्या सासूने दागिने धाकटीला दिले, कुणाच्या बायकोने अबोला धरलाय, हे सगळं डबे उघडताना कळायचं. देवळाली सुटली की डबे उघडायचे आणि इगतपुरी येईपर्यंत संपवायचे, हा नियम. घाट लागला, बोगदे सुरू झाले की पत्ते. म्हणजे आम्ही एकमेकांना नीट पाहायचो ते देवळाली ते इगतपुरी एवढ्याच वेळात. डोळ्यांसमोर पाच तोंडं, पाच डबे.

गोदी माझ्यासमोर बसायचा, खिडकीशी. तो भराभर जेवणारा माणूस. पोळीची सुरळी करून तीन घासांत संपवायचा आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला मोकळा व्हायचा. शनिवारी तो कोंडाजीचा चिवडा आणायचा आणि निम्मा स्वतःच फस्त करायचा. बाकीचं त्याच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तंबाखू मळायचा. चुना डाव्या अंगठ्याच्या नखाने काढायचा. हिशेबात पक्का होता, पत्त्यांत कच्चा.

२००३च्या संक्रांतीला जीपीओताईंनी सगळ्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. त्यांचे लाडू पाक चढलेले, दगडासारखे. त्यावरून त्यांना दरवर्षी छळायचा गोदीच. त्या दिवशी त्याने लाडू तोंडाजवळ नेला, हसला, आणि खिडकीबाहेर बघत रुमालात गुंडाळून खिशात टाकला. मी पाहिलं. घरी मुलीसाठी नेत असेल, असं मनाशी म्हटलं.

मग मी पाहतच गेलो. पोळीची सुरळी थांबली. त्याच पोळीचे बारीक तुकडे होऊ लागले, तुकडे वरणात भिजू लागले. फेब्रुवारीत पोळी गेली आणि दहीभात आला. 'पित्त झालंय,' तो म्हणाला. बँकेने आवळासुपारी दिली. पिंपळगावची द्राक्षं डब्यात फिरत होती, तो एकेक द्राक्ष तोंडात धरून बसायचा. घास तोंडात घोळवायचा, घोळवायचा, मग बाटलीतल्या पाण्याचा घोट घेऊन डोळे मिटायचा आणि मान थोडी पुढे काढून गिळायचा. पाण्यातून वर आलेल्या कासवाने मान काढावी तशी. गिळून झालं की डोळे उघडून आधी माझ्याकडे बघायचा, आणि मी वर्तमानपत्राकडे. चिवडा अजूनही दर शनिवारी येत होता. पुडी फोडून तो सगळ्यांना वाटायचा आणि पुडीचा कागद चारपदरी दुमडत बसायचा. त्याने स्वतः चिवडा खाल्लेला नाही, हे डब्यात कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

मी बोललो नाही. का बोललो नाही, याची बरीच उत्तरं मी इतक्या वर्षांत तयार केली आहेत आणि त्यातलं एकही कोर्टात टिकणार नाही.

मार्चअखेरीस, इगतपुरी यायच्या जरा आधी, दहीभाताचाच घास अडकला. तो उठून दाराकडे धावला, शाळेने मागून कंबर धरली. परत येऊन बसला तेव्हा शर्टाची बटणं भिजली होती आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखे भाव होते. त्या आठवड्यात नाशकात दुर्बीण घालून तपासणी झाली. अन्ननलिकेत गाठ. टाटाला न्या, म्हणाले.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं. देशभरातून लोक तिथे येतात आणि आल्यावर पहिल्यांदा हरवतात. आम्ही हरवलो नाही ते जीपीओताईंमुळे. त्या रजा टाकून आदल्या दिवशीच लालबागला बहिणीकडे मुक्कामाला गेल्या आणि पहाटे जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे मंत्रालयाच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात 'गोदीची अ‍ॅडमिशन आपण कशी एका फोनवर करून दिली' ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात सांगितली गेली, आणि ताई तिसऱ्या रांगेत बसून बटाटेवडा खात होत्या. मी तेव्हाही बोललो नाही. माझा तो स्वभावच असावा.

गोदीला आम्ही पंचवटीनेच नेलं. त्याने रोजच्यासारखी स्कूटर स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं, बिल्ला खिशात टाकला. रात्री परत यायचंच होतं. पण तपासण्या लांबल्या, मग सहा आठवडे शेक द्यायचं ठरलं. सोमवार ते शुक्रवार रोज. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली. नाशकात गोदाकाठी गाडगेबाबांची धर्मशाळा आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. यात्रेकरूंची जागा, एवढीच तिची ओळख. परक्या शहरात आजारी माणसाला उतरायला जागा नसेल तर औषधाचा काय उपयोग, हे त्या न शिकलेल्या माणसाला किती नेमकं कळलं होतं, ते दादरला उमगलं. जिन्यात स्टोव्हचा वास, गॅलरीत वाळणारे पंचे, आणि बंगालीपासून भोजपुरीपर्यंत सगळ्या भाषांत एकच प्रश्न: आज काही खाल्लं का?

वार वाटून घेतले. सोमवार मंत्रालय, मंगळवार मी, बुधवार बँक, गुरुवार ताई. शुक्रवार कुणाचाच नव्हता म्हणून सगळ्यांचा झाला. दादरला उतरायचं, धर्मशाळेत अर्धा तास बसायचं, फाइल घेऊन त्याच्याबरोबर परळला जायचं, आणि ऑफिसात लेट मार्क खायचा. रक्त लागलं तेव्हा मेंढीकोटवाल्या अकरा जणांनी दिलं. त्यातल्या दोघांशी गोदीचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं. शाळा कल्याणलाच उतरायचे, त्यांना वार मिळेना. मग त्यांनी स्कूटर घेतली. देवळाली कॅम्पहून ते दर रविवारी स्टँडवर यायचे, स्कूटर डावीकडे कलती करायचे, चोक ओढून किक मारायचे. इंजिन पाच मिनिटं चालवायचे, सीट पुसायचे आणि घरी जायचे. 'बरा होऊन आला आणि गाडी सुरू झाली नाही तर शिव्या मलाच घालेल,' म्हणायचे. स्टँडवाल्या काकांनी मडगार्डवर खडूने रोजची रेघ मारणं सोडलं नाही. हिशेब तो हिशेब.

वहिनींना मी पहिल्यांदा धर्मशाळेतच भेटलो. नाव सांगायला तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, 'तुम्ही कोर्ट ना? ठेचा तुमच्याकडचा.' वीस वर्षं आमच्या घरचा ठेचा त्यांच्या घरी डब्याच्या तळाला चिकटून जात होता, तेवढीच ओळख.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी गोदीच्या नाकात नळी होती. वहिनी पिचकारीने डाळीचं पाणी सोडत होत्या. ते झाल्यावर त्या भांडी घासायला गेल्या. आम्ही दोघे गॅलरीत. त्याचा आवाज चिरका झाला होता.

'तू बघत होतास,' तो म्हणाला.

मी गप्प.

'कधीपासून?'

'संक्रांतीपासून. लाडू खिशात टाकलास तेव्हापासून.'

त्याने मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मग बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, 'बरं झालं बोलला नाहीस. तेवढे अडीच महिने डब्यात नीट बसता आलं.'

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्याने मला माफ केलं, की जे झालं त्याची फक्त नोंद केली, हे ठरवण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. डॉक्टरला विचारायचं धाडस झालं नाही की अडीच महिन्यांनी काय फरक पडला असता. उत्तर 'काहीच नाही' असं असतं तरी मला ते पटलं नसतं.

शेक संपल्यावर तो जेल रोडच्या घरी आला. रिक्षातून. स्कूटर चालवायची ताकद नव्हती, तरी 'स्टँडवरच राहू दे, पुढच्या महिन्यात जॉइन होतोय' म्हणाला. जूनमध्ये त्याने मुलाला पाठवून तिमाही पास काढून आणला. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे तिकिटात मोठी सवलत देते, दाखला दाखवला की झालं. पण तो म्हणाला, 'सवलतीचं तिकीट पेशंटला असतं. मी पासवाला आहे.'

श्रावणात तो गेला. पास संपायला काही आठवडे बाकी होते. सिंहस्थाचं वर्ष. वर रामकुंडात पर्वणीसाठी लाखो माणसं लोटत होती, पोलिसांनी रस्ते अडवलेले. जेल रोडवरून दसकचा घाट जवळ, म्हणून आम्ही पोचलो. तिथे आम्ही पंचवीस-तीस माणसं होतो. पाणी तेच, वरून आलेलं, निर्माल्य घेऊन. त्या दिवशी आम्ही सहाजण, म्हणजे पाचजण, पहिल्यांदाच रविवारी भेटलो.

पुढच्या आठवड्यात स्कूटर न्यायला गेलो. शाळेने किक मारली, पहिल्या किकेला सुरू झाली. काकांना विचारलं, किती झाले? त्यांनी मडगार्डवरच्या खडूच्या रेघांकडे पाहिलं, फडकं ओलं केलं आणि सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला बिल्ला दिला.

आता ताई नाहीत. शाळा मुलाकडे पुण्याला. मंत्रालय भेटतो कधीतरी, तीच गोष्ट सांगतो. मार्च २०२०मध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या तेव्हा पंचवटीही थांबली, आणि रोज एकमेकांसमोर बसून खाणाऱ्या किती जणांची नजर एकमेकांवरून हटली असेल, असं तेव्हा मनात येऊन गेलं. घरातली माणसं प्रेमाने बघतात, म्हणून त्यांना उशिरा दिसतं. समोरच्या बाकावरचा माणूस नुसताच बघतो.

भाचीची गाडी यायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलशी एक पस्तिशीचा माणूस उभा होता. गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात चहा. खारी चहात बुडवून, पूर्ण मऊ करून, एका गालात धरून तो सावकाश चघळत होता. मग डोळे मिटले आणि गिळलं. मी दोन खारी होईपर्यंत थांबलो. तिसरीला राहवलं नाही.

'घास अडकतो का हो?' मी विचारलं.

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. गाल चाचपला.

'दाढ काढलीय काल,' तो म्हणाला, आणि कप घेऊन दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

भाची ओशाळली. मी नाही. पंचवटी येत होती.