आबांनी गोळी का सोडली?

मंडळी, तालुक्याच्या गावापासून आडबाजूला असलेल्या एका खेड्यात मी गेली तीस-बत्तीस वर्षं दवाखाना चालवतो. हातगुण आला त्या रोग्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. आज मात्र सांगणार आहे ती माझ्या चुकीची. चूक माझी, आणि भोगली दुसऱ्याने. म्हणून ती तुमच्या कानावर घालतो.

आमच्या गावात एक शेतकरी आहेत. आपण त्यांना आबा म्हणू. साठीचं वय, अंगाने काटक, पहाटे पाचला गोठ्यात हजर. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला म्हणून दवाखान्यात आले. काटा काढला आणि सहज हाताला पट्टा बांधून बीपी पाहिलं. वरचं १८०, खालचं ११०. थोडा वेळ बसवून पुन्हा पाहिलं, तरी तेवढंच. मी म्हटलं, "आबा, बीपी वाढलंय. मीठ कमी करा, तंबाखू सोडा आणि ही गोळी रोज एक घ्या." बाहेर माणसं खोळंबली होती. महिन्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या आणि पुढच्याला आत बोलावलं. सगळी मिळून दोन मिनिटं. सांगायचं ते सांगून झालं, असं मला वाटलं.

त्यानंतर आबा दोनदा आले. एकदा नातवाला ताप होता, एकदा माईंचा गुडघा दुखत होता. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. गोळी चालू आहे का, एवढं मात्र मी विचारलं नाही.

मृगाचा पाऊस झाला, पेरणीची घाई सुरू झाली. एका सकाळी चहा पिताना आबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला. उजव्या हातातली बशी निसटली. रात्री भिजले, गारठा बसला, असं घरच्यांना वाटलं. हातापायाला तेल चोळलं. मग कुणी झाडपाल्याचं औषध सुचवलं, तिकडे नेलं. माझ्याकडे आणलं तेव्हा दिवस कलला होता. शहरातल्या इस्पितळात पाठवलं. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

ते घरी आल्यावर भेटायला गेलो. आबा ओसरीवर बाजेवर पडून होते. समोर दावणीला बैल. त्यांना हाक मारायला आबा तोंड उघडत होते, पण नाव काही बाहेर पडत नव्हतं. मी माईंना विचारलं, "माई, गोळ्या चालू होत्या ना?"

माई म्हणाल्या, "न्हाई वो डाक्टर. तुमी दिल्याल्या सरल्या. बरं वाटतंय तर कशापायी खायच्या, म्हनले. एकदा घेतली की जन्माची सवय लागती म्हनं. आन् तुमीबी परत काय इचारलं न्हाई."

माईंच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. आबांना गोळी मी दिली होती, गोळी कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

ते आता तुम्हाला सांगतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात. एखाद्या नळीत गुठळी अडकली, किंवा नळी फुटून रक्त सांडलं, की मेंदूचा तेवढा भाग मरायला लागतो. हाच पक्षाघात, म्हणजे आपला लकवा. ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. पंपाचा दाब कायम जास्त ठेवला तर नळी कुठे तरी फुटते. आत क्षार बसले तर तोट्या बंद होतात. वाढलेलं बीपी आपल्या नळ्यांची दोन्ही प्रकारे नासधूस करतं, आणि करताना दुखत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, ही समजूत साफ खोटी आहे. बरं वाटतं ते बहुधा गोळी चालू आहे म्हणून. गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो. ती सवय नव्हे, तो बांध आहे.

हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं दुखणं, असंही कुणी समजू नये. 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं तपासली. दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा निघाला. त्यातले बहुतेक घरीच गेले.

धोका कुणाला जास्त? बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त राहतं त्याला. साखरेचा आजार असलेल्याला. विडी ओढणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला. तंबाखू चघळणारे आणि मिश्री लावणाऱ्या आयाबहिणीही सुटल्या नाहीत. ज्याची नाडी एका लयीत पडत नाही त्याला. आईवडिलांना लकवा झाला असेल त्याला. आणि जिला गरोदरपणी बीपी वाढलं होतं, तिने बाळंतपणानंतरही ते तपासत राहावं.

आता माझी रीत बदलली आहे. मी आधी विचारतो. "तात्या, गोळी घ्यायला काय अडचण येते?" मग खरं बाहेर येतं. कुणाला पैशाची अडचण, कुणाला विसर पडतो, कुणाला शेजाऱ्याने भीती घातलेली. पैशाची अडचण असेल त्याला सरकारी दवाखान्यात पाठवतो. विसरणाऱ्याला सांगतो, गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवा. आणि उठताना म्हणतो, "आता मी काय सांगितलं ते मला सांगा पाहू."

मिठाचा हिशेब घरच्या कारभारणीशीच करतो. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पुरे. घरात मोठी माणसं पाच असली तर एक किलोचा पुडा चाळीस दिवस जायला हवा. तुमच्याकडे किती दिवस जातो, ते बघा. लोणचं, पापड, खारी शेव यांतलं मीठ आणखी वेगळं. ताटात वरून मीठ घ्यायचं बंद केलं तरी सुरुवात झाली.

बीपी तपासायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा. एकदा जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तपासावं. शेजाऱ्याची गोळी मात्र घेऊ नये.

आणि एवढं करूनही वेळ आलीच, तर ती ओळखा. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बैलांची नावं विचारा, बोबडी वळते का? यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन लावा. तेल चोळू नका, कबुतराचं रक्त लावू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. त्याआधी सीटी स्कॅन काढून गुठळी आहे की रक्त सांडलंय, हे पाहावं लागतं. म्हणून स्कॅनची सोय असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं, याची चौकशी आजच करून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते.

आबा आता काठी धरून गोठ्यापर्यंत जातात. बैलांच्या पाठीवर डावा हात फिरवतात. नावं अजून ओठांतच अडकतात. त्यांच्या थोरल्याचं बीपीही वाढलेलं निघालं. तो गोळी घेतो, आणि घेतली की माई कॅलेंडरवर खडूने खूण करतात. महिना भरला की ते कॅलेंडर घेऊन दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "इचारा आता."

मंडळी, तुमचा डॉक्टर घाईत असेल. मीही होतो. तरी उंबरा ओलांडण्याआधी त्याला थांबवा आणि विचारा, "माझं बीपी किती? ही गोळी कशाची? कधीपर्यंत?" उत्तर समजेपर्यंत उठू नका.