थक्क होण्याची सोय

मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात थक्क होण्याचे प्रसंग फार कमी येतात. चकित होण्याचे पुष्कळ येतात. विजेचं बिल बघून तो चकित होतो, गवारीचा भाव ऐकून चकित होतो आणि मेहुण्याच्या मुलाचा पगार कळला की दोन दिवस त्याच अवस्थेत राहतो. पण थक्क होणं वेगळं. चकित झालेला माणूस बोलत सुटतो. थक्क झालेला गप्प होतो. आणि आमच्या सोसायटीत कुणी गप्प बसलेला दिसला, की लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

मी स्वतः आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा थक्क झालो आहे. त्यातल्या निम्म्या वेळा साठी उलटल्यावर, आणि त्यासुद्धा व्हिडिओ गेममध्ये. हे वाक्य वाचून काही वाचकांनी चष्मा काढून पुसला असेल. खुशाल पुसा. वाक्य तेच राहील.

त्याचं असं झालं, आमचे चिरंजीव नोकरीसाठी बंगळुरूला गेले. जाताना त्यांनी अंथरूण-पांघरूण नेलं, लोणच्याची बरणी नेली आणि गेमची यंत्रं मात्र इथेच ठेवली. मी नुकताच निवृत्त झालेला. दिवसभर बातम्या लावून टीव्हीशी भांडत बसायचो. "बाबा, भांडायचंच असेल तर राक्षसांशी भांडा. ते निदान मरतात तरी," असं म्हणून त्यानं जाण्यापूर्वी दोन रविवार माझी शिकवणी घेतली. पन्नास वर्षांपूर्वी मी त्याच्या काकाला सायकल शिकवली होती, त्याच आवाजात तो माझ्यावर ओरडत होता. पिढ्या बदलतात, ओरडणं तेच राहतं.

ह्या गेमांत एक जात आहे. तिला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे मोकळं जग. बाकीच्या गेमांत तुम्ही दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता चालावं तसे चालता; मागची गर्दी ढकलेल तिकडे जायचं. मोकळ्या जगात तसं नसतं. समोर अफाट मुलूख पसरलेला. डोंगर, नद्या, गावं, पडके किल्ले. आधी कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं. आयुष्यभर शाळा, साहेब आणि सौभाग्यवती ह्यांनी ठरवलेल्या दिशेनं गेलेल्या माणसाला हे केवढं अवघड जातं ह्याची कल्पना आजच्या मुलांना यायची नाही. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं जागच्या जागी उभा होतो.

पण ह्या मोकळ्या जगाची खरी गंमत अशी, की ते बनवणारी मंडळी आधी तुम्हाला कोंडून घालतात. 2006 साली आलेला 'ऑब्लिव्हियन' घ्या. सुरुवातीलाच तुम्ही तुरुंगात! गुन्हा काय, ते कुणी सांगत नाही. तेवढ्यात खुद्द सम्राट तुमच्या कोठडीत येतो, कारण पळून जायची चोरवाट नेमकी तिथूनच जाते. मग भुयारं, अंधार, उंदीर. सम्राट बिचारा वाटेत मारला जातो आणि तुम्ही गटारातून वाट काढत राहता. अर्धाएक तास हे असं. टीव्हीतून वास येत नाही हे नशीब. आणि शेवटी एक लोखंडी दार लागतं.

ते दार उघडतं आणि समोर उजेड. निळं तळं, पलीकडच्या काठावर पांढऱ्या दगडांचे भग्न खांब, त्यामागे टेकड्या, त्यांच्यामागे आणखी टेकड्या. हातात एक निरोप दिलेला असतो खरा, पण अमुक दिवसांत पोचवलाच पाहिजे असा तगादा नाही. कोकण रेल्वेनं रत्नागिरीकडे जाताना साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो. त्यातून गाडी बाहेर पडली, की अंगावर जो हिरवा उजेड येतो, तो आठवा. फरक एवढाच, की इथे गाडीतून उतरून त्या हिरव्यात चालत जाता येतं.

'ऑब्लिव्हियन' करणाऱ्यांनीच 2011 साली 'स्कायरिम' आणला. इथे तर तुम्ही सुरुवातीलाच हात बांधून गाडीत बसलेले. डोकं उडवायला नेताहेत. मान ठोकळ्यावर ठेवलेली, वर कुऱ्हाडवाला उभा, आणि तेवढ्यात आकाशातून ड्रॅगन येतो. सरकारी कामात अडथळा इतक्या वेळेवर आलेला मी दुसरा पाहिला नाही. मग पुन्हा भुयार, पुन्हा गुहा, आणि तिच्या तोंडाशी बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं, थंड स्वच्छ आकाश आणि त्यात लांब उडत चाललेला तो ड्रॅगन. आमच्या दिवाणखान्यात मे महिना होता, तरी मी पंखा बंद केला.

आता कुणी म्हणेल, एवढा मोठा मुलूख दाखवल्यावर माणूस थक्क होणारच. नाही साहेब. नुसत्या आकारानं माणूस थक्क होत असता तर प्रत्येक लग्नाचा हॉल बघून झाला असता. ह्याच घराण्यातला 'डॅगरफॉल' नावाचा गेम 1996 साली आला होता. त्यातला मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जायचं. गावं हजारोंनी. पण ती बरीचशी यंत्रानं साच्यातून काढलेली. एक पाहिलं की पुढचं पाहिल्यासारखं. थक्क व्हायला मुलूख मोठा लागत नाही. आधीची खोली लहान लागते. दोन खोल्यांत सहा माणसं वाढलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट लागते. समोर दिसतं तिथे जाता आलं पाहिजे. आमच्या घरी पूर्वी बँकेचं कॅलेंडर यायचं. त्यावर दर महिन्याला स्वित्झर्लंड. बारा महिने आम्ही आल्प्सकडे बघत वरणभात खाल्ला, पण त्या डोंगरात जाता येईल असं कधी कुणाला वाटलं नाही. त्यावर दुधाचा हिशेब लिहायचा एवढाच आमचा आणि आल्प्सचा संबंध. गेममधला डोंगर कॅलेंडरवरचा नसतो. आज दिसला की गुरुवारपर्यंत त्याच्या माथ्यावर.

दार बाहेरच उघडलं पाहिजे असंही नाही. जपानच्या हिदेताका मियाझाकी ह्या गृहस्थांनी 2022 साली 'एल्डन रिंग' काढला. त्यात पहिलं दार उघडलं की क्षितिजावर आभाळाएवढं सोनेरी झाड दिसतं, आणि ते बघत असतानाच एक सोनेरी घोडेस्वार येऊन तुम्हाला ठार करतो. हे सर्वांचंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझा जीव गेला तो निराळ्या जागी. एका रानात जुनी दगडी इमारत आहे आणि आत लिफ्ट. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे मला लिफ्टचं अप्रूप. चढलो. ती खाली निघाली. खाली, आणखी खाली, अजून खाली. बिघडली की काय म्हणेपर्यंत एकदम चांदणं! जमिनीच्या पोटात, डोक्यावर चांदण्यांनी भरलेलं आकाश, खाली नदी आणि मोडके खांब. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. मियाझाकींना म्हणे लहानपणी ग्रंथालयातली पुस्तकं पुरती कळत नसत. न कळलेला भाग ते मनानंच भरून काढत. न कळलेला भाग आम्हीही पुष्कळ भरून काढला, पण तो परीक्षेच्या पेपरात, आणि मास्तरांनी त्याचं असं कौतुक केलं नाही.

ह्या सगळ्यात दुःखाचा भाग एकच. हे दार एकदाच उघडतं. दुसऱ्यांदा गेम पहिल्यापासून सुरू केला, तर तेच तळं, तेच खांब, पण आपण आपले म्हणतो, "हां, इथून डावीकडे." थक्क होण्याची जागा पत्त्यानं घेतली.

म्हणून मी सौ.ला बसवायचं ठरवलं.

तिच्याविषयी सांगायला हवं. कॉलेजात असताना ती हरिश्चंद्रगडावर जाऊन कोकणकड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली बघून आलेली. लग्नानंतर राजगडावर माझी सॅक तिनं वाहिली, हे तिच्या माहेरी अजून सांगतात. तीच बाई आता गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावर अडकलेली. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, ती म्हणते बघू. पावसाळा लागल्यापासून खालीच उतरली नव्हती. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधली फोडणी दिसते. तिचं क्षितिज तेवढं.

तिच्यासाठी मी मुद्दाम 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' निवडला. 2017 सालचा. 'झेल्डा' मालिकेतला, जिचा पहिला गेम 1986 साली शिगेरू मियामोतोंनी आणला, क्योटोजवळच्या गावी लहानपणी रानात आणि गुहेत भटकल्याच्या आठवणींवर. ह्या नव्या गेमच्या दिग्दर्शकांनी, फुजिबायाशींनी, मुलुखाचा आकार ठरवताना आपल्या क्योटोचा नकाशाच त्यावर ठेवून पाहिला. कुठून कुठवर चालायला किती वेळ लागतो, हे त्यांना पायांनी ठाऊक होतं. पायांनी ठाऊक असलेली बाई मला तिथे न्यायची होती.

नायक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, नुसत्या अर्ध्या चड्डीवर.

"अहो, आधी त्या पोराला कपडे घाला," सौ. म्हणाली.

"तूच घाल. पेटीत आहेत."

तिनं त्याला सदरा-विजार घातली, त्याचं नाव बंड्या ठेवलं आणि गुहेतून बाहेर काढलं. बंड्या आपसूक धावत कड्याच्या टोकाशी गेला आणि थांबला. खाली सगळं राज्य. दूरवर किल्ला, एका बाजूला धगधगता डोंगर, गवतावर वारा.

मी टीव्हीकडे बघत नव्हतो. ते मी पूर्वीच पाहिलं होतं. मी हिच्याकडे बघत होतो. पूर्ण एक मिनिट ही काही बोलली नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्याची नोंद नाही. मग हळूच म्हणाली, "खाली उतरता येतं?"

"सगळीकडे जाता येतं."

"गुडघे?"

"बंड्याचे चांगले आहेत."

आता तिचं सुरू झालं आहे. बंड्या कुठलाही कडा चढतो. दम संपत आला की हिरवं चक्र रिकामं होतं, आणि पावसात हात सटकतात. "आपल्या जिन्यासारखंच आहे," ती म्हणते, "मध्ये कठडा बघून थांबायचं." बर्फाच्या डोंगरावर थंडीनं जीव जातो; त्यावर उपाय म्हणून मिरच्या घालून शिजवलेलं खायचं असतं. हे कळल्यावर गेम करणाऱ्यांत एखादा कोल्हापूरचा असणार, असं तिनं जाहीर केलं. एका म्हाताऱ्यानं शेकोटीवर भाजलेलं सफरचंद तिनं न विचारता उचललं आणि तो ओरडला, तेव्हा तिला तो लगेच आवडला. "बरोबर आहे त्याचं. विचारायला नको?"

अट एकच घातली आहे. पुढे काय आहे ते मी सांगायचं नाही. माझ्या तोंडाशी दिवसातून दहा वेळा येतं आणि मी ते गिळतो.

परवा मी आत कुकर लावत होतो. (गेममध्ये ती स्वयंपाक करते, घरात मी करतो.) बाहेरून हाक आली, "अहो, लवकर या! हे बघा!" हातात पळी तशीच घेऊन मी धावलो. बंड्या कुठल्याशा डोंगरमाथ्यावर उभा होता, सूर्य उगवत होता आणि खाली दरीत धुकं. ह्याच माथ्यावर मी गेल्या वर्षी दोन संध्याकाळी काढल्या होत्या.

"कधी बघितलं होतं का असं?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हटलं, आणि तिच्याशेजारी बसलो.

शिट्ट्या किती झाल्या, ते दोघांनीही मोजलं नाही. डॉक्टरांची तारीख मात्र तिनं काल स्वतःच फोन करून घेतली.