यॉर्कची बससहल

माझी मुलगी लेस्टरला नर्स आहे. 2018 साली मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला दोन दिवसांच्या बससहलीला यॉर्कला नेले. बसमध्ये बहुतेक पेन्शनर मंडळी. डबे, थर्मास सोबत. अगदी आपल्या एस.टी.सारखे!

यॉर्क हे तटबंदीचे शहर. सुमारे 3.4 किलोमीटर तटावरून फुकट फिरता येते. 1472 साली पुरे झालेले भव्य चर्च, मिन्स्टर, पाहिले. दुसऱ्या दिवशी व्हिटबीचा समुद्रही झाला. पण जीव अडकला तो रेल्वे संग्रहालयात.

समोर निळे ‘मॅलार्ड’ इंजिन उभे होते. 3 जुलै 1938 रोजी ते ताशी 203 किलोमीटर वेगाने धावले. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही कायम आहे. ड्रायव्हर जो डडिंग्टन. आणि कोळसा टाकणारा टॉमी ब्रे. त्याचेही नाव इतिहासात राहिले.

माझे वडील भुसावळला फायरमन होते. घरी येत तेव्हा चेहऱ्यात फक्त डोळे पांढरे दिसत. त्यांचे नाव कुठल्याच पाटीवर नाही.

“तुझे आजोबा हेच काम करायचे,” मी म्हटले.

“आई, हे आधी का नाही सांगितलंस?”

काय सांगणार? त्या काळ्या कपड्यांची मला शाळेत लाज वाटे.

आपल्या माणसांचे कष्ट मुलांना सांगा. त्यासाठी यॉर्क गाठायची गरज नाही.