गावाने राखलेले गुपित

अमेरिका म्हटली की गगनचुंबी इमारती आणि मोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. पण त्या देशाच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या कुशीत लहान लहान गावे आहेत. व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज हे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले असेच एक गाव. वस्ती अडीच हजारांच्या आत. पण गावाला लागून हॉटेल आहे ते सुमारे सातशे खोल्यांचे! त्याचे नाव ग्रीनब्रायर.

सल्फर म्हणजे गंधक. इथल्या झऱ्याच्या पाण्यात गंधक आहे. १७७८ साली संधिवाताने बेजार झालेल्या एका बाईला या पाण्याने उतार पडला, असे सांगतात. मग दुरून माणसे येऊ लागली. १८५८ मध्ये मोठे हॉटेल उभे राहिले. श्रीमंत पाहुणे हवा खायला येत. त्यांची उस्तवार मात्र गुलामगिरीत जखडलेल्या काळ्या माणसांना करावी लागे. १८६९ मध्ये रेल्वे आली. पुढे १९१० मध्ये रेल्वे कंपनीने ही सारी मिळकतच विकत घेतली आणि १९१३ मध्ये आजचे ग्रीनब्रायर सुरू केले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा शत्रुराष्ट्रांच्या वकिलातींतल्या मंडळींना काही महिने इथेच नजरकैदेत ठेवले होते. १९४२ मध्ये लष्कराने हॉटेल घेऊन त्याचे इस्पितळ केले. १९४६ पर्यंत तिथे हजारो सैनिकांवर उपचार झाले. १९४८ मध्ये पुन्हा हॉटेल सुरू झाले.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. अणुबाँबचे भय दाटले होते. राजधानी वॉशिंग्टनवर बाँब पडलाच, तर संसद कुठे भरवायची? १९५८ च्या सुमारास हॉटेलला नवा भाग बांधायला घेतला आणि त्याच्या आडोशाने डोंगराच्या पोटात एक प्रचंड तळघर बांधले. २५ टनी पोलादी दार, सुमारे ११०० खाटा, वीजघर, पाण्याच्या टाक्या, दवाखाना, सभागृहे, सारे तयार! देखरेखीची माणसे टेलिव्हिजन दुरुस्त करणारे म्हणून वावरत.

काँक्रीट ओतणाऱ्या गावकऱ्यांना काय कळले नसेल? पण घरोघरची चूल हॉटेलवर पेटत होती. तर्क झाले, कुजबुज झाली. गुपित मात्र तीस वर्षे राहिले. १९९२ मध्ये एका वर्तमानपत्राने ते फोडले. मग सरकारने तळघर मोडीत काढले आणि १९९५ पासून लोकांना ते पाहायला मिळू लागले.

विचार करा, त्या खाटा खासदारांच्या आणि त्यांच्या मदतनिसांच्या होत्या. ज्यांनी बांधकामाला हात लावला आणि तोंड मिटून ठेवले, त्यांच्या बायकापोरांसाठी तिथे एकही खाट नव्हती.

पुढे संकट आले खरे, पण बाँबचे नव्हे, पाण्याचे. जून २०१६ मध्ये अतिवृष्टी होऊन गावातला ओढा फुटला, घरे वाहून गेली. त्या पुरात राज्यात २३ माणसे दगावली. तेव्हा हॉटेलने पाहुण्यांच्या खोल्या बेघर गावकऱ्यांसाठी उघडल्या. पोलादी दाराआडच्या त्या खाटा कुणाच्याच कामी आल्या नाहीत. वरच्या साध्या दारांनी मात्र अडीनडीला गावाला आसरा दिला.