जिप्सीची फर्स्ट परेड

दिल्लीला बदली झाली की फौजी आधी क्वार्टर बघतो, मग मुलांची शाळा. ती दोन्ही कामं उरकल्यावर मी जिप्सी शोधली. २०११ची, पेट्रोल, कापडी टपाची, दिल्ली पासिंग. बायकोने कागद उलटसुलट करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, हिला अजून किती दिवस?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेल गाडी १० वर्षांची आणि पेट्रोल गाडी १५ वर्षांची झाली की बाद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५मध्ये हे ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये कायम केलं. आमच्या जिप्सीची १५ वर्षं सप्टेंबर २०२६मध्ये भरतात. म्हणजे २०२४मध्ये घेतली तेव्हा हातात जेमतेम दोन वर्षं होती.

तरी घेतली. का, ते जुन्या लोकांना सांगायला नको. माझ्या पिढीतला क्वचितच कोणी जिप्सीत बसला नसेल. डिसेंबर १९८५मध्ये मारुतीने ती बाजारात आणली, गुडगावच्या कारखान्यातून. पुढे १३०० सीसीचं इंजिन आलं, २०००च्या सुमाराला ८० हॉर्सपॉवरचं झालं. वजन टनाच्या आसपास, खाली मजबूत चासी, पुढेमागे पाटे, फोर-बाय-फोर आणि लो रेंज. एसी नाही, आराम नाही, मागे बसणाऱ्याची कंबर देवाच्या भरवशावर. पण जिथे जाईल तिथून परत येते. माझी फौजेतली पहिली गाडी तीच होती.

बायकोशी तह झाला तो ४०,००० रुपयांवर. "यात काय सुधारायची ती सुधारा. एक रुपया वर नाही."

आणि मी पहिलीच चूक केली. एका दुकानात २२,००० रुपयांना सेकंडहँड मड टायर दिसले, रुंद, उंच, दातेरी. दुकानदार म्हणाला, गाडीचा रुबाबच बदलेल. रुबाब बदलला खरा. पण चाक उंच झालं की गियरिंगही लांब होतं. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि तेवढा जास्त जोर इंजिनाला लावावा लागतो. ८० हॉर्सपॉवरचं ते इंजिन तिसऱ्या गियरमध्येच धापा टाकू लागलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पुढच्या पाट्याला घासायचा. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा. आणि कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढे लावायचा लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७पासूनच बंद आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मोह झाला.

गुडगावच्या पुढे एका शेतावर ऑफ-रोडचा ट्रॅक आहे, पैसे भरून चालवायचा. सप्टेंबरचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. मुलगा शेजारी बसला होता, बाकी चार-पाच नव्या कोऱ्या गाड्या बघत उभ्या. मी ऐटीत चिखलात शिरलो. गाडी अर्ध्यात थांबली. मी रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरली, दाते चिखलाने भरून टायर गुळगुळीत झाले आणि गाडी पोटावर बसली.

शेताचे मालक ताऊ ट्रॅक्टर घेऊन आले. घाईत मी दोर बंपरला बांधला, तो वाकला. गाडी बाहेर आल्यावर ताऊंनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "फौजी, पीसे तो घणे लगा राखे सै, पर हवा तो काढ लेता."

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. जैसलमेरकडे असताना वाळूत शिरायच्या आधी आम्ही रोज हवा काढायचो. आमचे उस्ताद वॉल्व्हची टोपी स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे बाहेर आल्यावर हवा भरायची आठवण राहते. आपल्या हाताचं आपणच विसरलो आणि २२,०००ची वस्तू विकत घेऊन बसलो. परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही.

ते टायर १४,०००ला विकले. जुने, कंपनीच्या मापाचे टायर क्वार्टरमागे पडून होते, त्यांचे दाते अजून बरे होते. हातात राहिले ३२,०००. मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. फर्स्ट परेड घेतली. ज्यांनी एमटीत दिवस काढलेत त्यांना हा शब्द कळेल. गाडी बाहेर काढायच्या आधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, आल्यावर लास्ट परेड. गाडीत काय घालायचं हा प्रश्न त्यात येतच नाही. गाडीचं काय बिघडलंय एवढंच बघायचं.

वही घेऊन गाडीखाली झोपलो. यादी मोठी निघाली. पाट्यांचे रबरी बुश झिजलेले, दोन यू-बोल्ट ढिले, चारही शॉक मेलेले. पुढच्या नकलचं ऑइल सील गळत होतं, हबमधलं ग्रीस दगड झालं होतं. रेडिएटर अर्धा चोंदलेला. अशा गाडीला उंच करून काय होणार होतं? लंगड्या माणसाला उंच टाचेचे बूट घालण्यातला प्रकार.

मायापुरी कँटोन्मेंटपासून लांब नाही. काही भाग तिथून, काही कश्मिरी गेटहून आणले. मजुरी बहुतेक माझीच. हिशेब असा:

शॉक, बुश, यू-बोल्ट: ११,५००
हब, बेअरिंग, सील, दोन्ही डिफरन्शियल आणि गियरबॉक्सचं ऑइल: ६,०००
रेडिएटर सफाई, होस, थर्मोस्टॅट: ४,२००
ब्रेक: ३,३००
ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल: ४,५००
१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज: २,४००

झाले ३१,९००. उरलेल्या १०० रुपयांची रबरी नळी घेतली आणि अ‍ॅक्सलचे ब्रीदर वर उचलून बांधले. तापलेला अ‍ॅक्सल अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइलचा ताक-पाणी होऊन बेअरिंग जातात. सगळ्या यादीत हेच काम सर्वात स्वस्त, आणि मोठा खर्च वाचवणारंही हेच.

या यादीत मनातल्या मनात एक वस्तू अजून धरा, तिला पैसे लागत नाहीत. ती म्हणजे कमी हवा. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. २८ची हवा १६वर आणली तर तेच वजन पेलायला टायर जवळजवळ पावणेदोनपट जागेवर टेकतो, मुख्यतः लांबीला. दाते भरले तरी पकड राहते. मात्र कमी हवेत झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिममधून निसटतो. आणि डांबरावर चढण्याआधी हवा भरायचीच. म्हणून कॉम्प्रेसर.

फेब्रुवारीत परत त्याच शेतावर गेलो. ताऊंनी ट्यूबवेल सोडून तोच खड्डा ओला ठेवला होता. उतरून आधी काठीने खोली पाहिली. चारही चाकांची हवा १६वर आणली, टोप्या मुलाच्या खिशात दिल्या. हब लॉक, फोर-लो, दुसरा गियर, रेस एकसारखी. मध्यावर उजवं मागचं चाक हलकं होऊन फिरायला लागलं. साधं डिफरन्शियल असलं की हे होतंच, ज्या चाकाला पकड नाही ते फुकट फिरतं. रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबला. फिरणारं चाक अडलं, जोर दुसऱ्या चाकाला मिळाला आणि गाडी हळूहळू वर आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताऊंनी नुसती मान हलवली. मला तेवढं पुरे होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एनसीआरमध्ये 'ऑफ-रोड' म्हटलं की पोरं थेट अरवलीत घुसतात. फरीदाबादजवळची मांगर बनी हे गावकऱ्यांनी राखलेलं देवरान आहे, आपल्याकडच्या देवराईसारखंच. आसपासच्या बऱ्याच डोंगरांना १९००च्या भूसंरक्षण कायद्याचं कवच आहे. त्या कायद्याखाली खास आदेश निघालेली जमीन जंगलच धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. तिथे चाकाची वाट एकदा पडली की पावसाचं पाणी तीच धरतं आणि घळ होते. हौस करायची तर पैसे भरून, मालकाच्या परवानगीने.

आता बायकोचा प्रश्न. जुलै २०२५मध्ये दिल्लीच्या पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना पेट्रोल बंद झालं, काही दिवसांत तो निर्णय मागे ठेवला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. आमची बीएस-४, म्हणून तूर्त वाचली. पण तारखेतारखेने जगणं फौजीला आवडत नाही.

पुढच्या वर्षी माझी पेन्शन. जिप्सीची एनओसी काढून तिला खटावला नेतोय. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. परवा बायकोने वहीत हिशेब पाहिला. म्हणाली, "दोन वर्षांसाठी ४०,००० म्हणत होते मी. सात वर्षांसाठी म्हटलं तर फार नाहीत." थोडं थांबून, "पण ते ८,००० पाण्यात गेले ना हो?"

गेले. ताऊंची फी समजतो. मुलगा आता गाडीत बसायच्या आधी न सांगता खाली वाकून बघतो, कुठे गळतंय का. रविवारी पहाटे निघायचंय आणि फर्स्ट परेड त्याची आहे.