साक्षीला शेजारी

एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण अमेरिकेतले लग्न म्हटले की पांढरा झगा आणि टेकडीवरचे चर्च आठवते. प्रत्यक्षात कित्येक लग्नांत यातले काहीच नसे. राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात पांढरा पोशाख केला आणि त्याची फॅशन झाली. पण एक दिवस घालून पेटीत ठेवायचा कपडा शेतकऱ्याच्या मुलीला परवडणारा नव्हता. पुढे लेखिका म्हणून नावाजलेल्या लॉरा इंगल्सने २५ ऑगस्ट १८८५ रोजी डाकोटा टेरिटरीत लग्न केले ते काळ्या काश्मिरी लोकरीच्या झग्यात आणि पाद्रीबाबांच्या घरी. मग अशा लग्नाला लग्नपण कोण देत होते? माझे उत्तर असे, की चर्च किंवा सरकार यांच्या आधी ते शेजारी देत होते.

वस्तीच्या सीमेवर पाद्री घोड्यावरून फेरी करत कधीतरी यायचा आणि कचेरी दूर असायची. जोडपी त्यासाठी खोळंबून राहत नसत. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १८०९ मध्ये आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये हेच वास्तव मान्य केले: राज्याच्या कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल, तर विधीवाचूनही परस्परसंमतीचे लग्न वैध ठरू शकते. पण त्या संमतीचा पुरावा काय? चारचौघांत नवराबायको म्हणून वावरणे आणि लोकांनी तसे मानणे. मग रिवाजही त्याच वळणाचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या घरी ‘इनफेअर’ नावाची मेजवानी होई. रात्री ‘शिव्हरी’ असे: दिवे मालवले की गावातली माणसे अंधारातून घराला वेढा घालत, तवे आणि पातेली बडवत, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत, बंदुकीचे बार काढत आणि जोडपे दारात येऊन खाऊपिऊ घालीपर्यंत हटत नसत. मला हा गोंगाट पोरखेळ वाटत नाही. पंचक्रोशीने ठोकलेला तो शिक्का होता.

ही जबरदस्तीच नव्हे का, असे कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. युरोपातून आलेल्या या प्रथेचा जुना रोख विधुराच्या दुसऱ्या लग्नावर किंवा वयात फार अंतर असलेल्या जोडप्यावर होता. तिच्यातून हाणामाऱ्याही झाल्या. शेजाऱ्यांची साक्ष म्हणजे शेजाऱ्यांची पाळतही. त्याहून मोठा आक्षेप असा, की या साक्षीने बायकोच्या पदरात काही पडत नव्हते. लग्न लागताच तिची कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याची होई. १८५० च्या ऑरेगन जमीन कायद्याने एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर दिले, त्यातले निम्मे बायकोच्या नावावर. तिच्या नावाने जमीन लागली खरी, पण त्या लोभाने कोवळ्या मुलींची लग्ने घाईघाईने उरकली गेली. आणि ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींची होती, तेव्हा त्यांच्याशी तहही पुरे झालेले नव्हते. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेला लवकर संरक्षण देणारा १८३९ चा मिसिसिपीचा कायदाही बराचसा तिच्या नावावरच्या गुलामांविषयी होता, हे वाचून मन विटते.

पण या आक्षेपांनी माझे म्हणणे खोटे ठरत नाही, त्याची मर्यादा मात्र कळते. ती सर्वांत लख्ख दिसते दक्षिणेतल्या मळ्यांवर. गुलाम स्त्रीपुरुष आपल्या माणसांसमोर, कुठे जमिनीवर ठेवलेल्या झाडूवरून उडी मारून, संसार मांडत. वस्तीतला प्रत्येकजण त्यांना नवराबायको मानी. साक्षीदार होते, संमती होती, पोरेबाळे होती. तरी मालक वाटेल तेव्हा एकाला विकून दुसऱ्यापासून तोडू शके, कारण कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हते. गोऱ्या शेतकऱ्याच्या शेजाऱ्याचा शब्द न्यायालयात चालत होता, म्हणून त्याचे विधीवाचूनचे लग्न टिकत होते. हा फरक प्रेमाचा किंवा रिवाजाचा नव्हता, साक्षीदाराच्या शब्दाला असलेल्या किमतीचा होता. मुक्तीनंतर नॉर्थ कॅरोलायनाने १८६६ मध्ये अशा जोडप्यांची लग्ने मान्य करून त्यांना नोंदणी बंधनकारक केली. कारकुनासमोर उभे राहून त्यांनी केवळ नावे सांगितली नाहीत. आपण केव्हापासून एकत्र नांदतो आहोत तेही सांगितले, आणि गुलामीतली ती वर्षे प्रथमच सरकारी वहीत संसाराची वर्षे म्हणून चढली.